शार्प पार्क: समुद्राकाठचं सगळ्यांचं गोल्फ मैदान, त्याचा बंधारा आणि त्याची डागडुजी

बंधारा_काठ (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी,

मागच्या हिवाळ्यात मुलाकडं तीन महिने राहून आलो. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या खालच्या अंगाला डेली सिटीत राहतो, तिथून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर पॅसिफिका म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. सूनबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाली, बाबा तुम्हाला रोज चालायला लागतं ना, तिथं समुद्राच्या कडेनं मातीचा लांबच लांब बंधारा आहे, सकाळी ऑफिसला जाताना सोडते. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, बंधारा म्हटल्यावर पाय निघालेच.

वर चढलो आणि जागेवर थांबलो. एका बाजूला पॅसिफिक महासागर, लाटा अशा की बोलणं ऐकू येऊ नये, आणि दुसऱ्या बाजूला खाली, अगदी बंधाऱ्याच्या पायथ्याला टेकून, हिरवंगार गोल्फचं मैदान. मधे एक तळं, कडेनं पाणकणीस, त्यात बगळे. लोक बॅग लावलेली दोनचाकी ढकलत चाललेत, आणि समुद्राचं पाणी त्यांच्या डोक्याच्या उंचीला बंधाऱ्याच्या पलीकडं आदळतंय. माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की डोंगरावरनं येणारं पावसाचं पाणी या खोलगट जागेतनं बाहेर जातं कुठनं? समुद्र वर, मैदान खाली, मधे भराव. सांडवा कुठं दिसेना.

तो प्रश्न डोक्यात घेऊन मी पुढचे तीन महिने त्या मैदानाच्या मागं लागलो. मुलानं लायब्ररीतनं कागद काढून दिले, कोर्टाचे निकाल वाचले, चालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोललो. आता सोलापुरात परत येऊन दोन महिने झाले तरी ते मैदान डोक्यातनं जात नाही, कारण जागा सार्वजनिक कशी होते आणि सार्वजनिक कशी राहते याचं इतकं उघडं उदाहरण मी दुसरं बघितलं नाही.

आधी थोडक्यात इतिहास. जॉर्ज शार्प नावाचे एक वकील होते, त्यांची ही जमीन, साधारण ४०० एकर. त्यांच्या मागं पत्नी ऑनोरा, ती १९०५ ला वारली. पुढं १९१७ मधे तिच्या इस्टेटीकडनं ही जमीन सॅन फ्रान्सिस्को शहराला मिळाली, आणि दानपत्रात अट अशी की जागा सार्वजनिक बागेसाठी किंवा खेळाच्या मैदानासाठीच वापरायची. गंमत बघा, जमीन सॅन फ्रान्सिस्कोच्या मालकीची, पण आहे दुसऱ्या गावात आणि दुसऱ्या जिल्ह्यात. त्या काळी आजूबाजूला आर्टिचोकची शेतं होती (कमळाच्या मोठ्या कळीसारखी दिसणारी भाजी), आणि जवळनं ओशन शोअर रेल्वे जायची, ती १९२० ला बंद पडली.

मैदान बांधलं डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी. उघडलं एप्रिल १९३२ ला. हे नाव गोल्फवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी पुढच्या प्रतिसादात लिहितो, टाईप करून बोटं दुखायला लागली.

---

होटगीरोडवाला

काका लई भारी विषय काढलात. पण एक शंका हाय, गोल्फ म्हंजे आपल्या डोक्यात कलेक्टर, कर्नल आणि कारखानदार, साध्या माणसाला गेटच्या आत घेत न्हाईत. हे सार्वजनिक म्हंजे नेमकं काय? कुणीबी जाऊन खेळू शकतं व्हय? आणि दुसरं, इतक्या गवताला पाणी किती लागत असंल, आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं म्हणून पहिलं तेच डोक्यात आलं.

---

शेंगाचटणी

वाचतेय. फोटो असतील तर टाका काका.

---

बंधारा_काठ

@होटगीरोडवाला, दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दोन्हींचं उत्तर या मैदानाच्या गोष्टीतच आहे.

सार्वजनिक म्हणजे शहराचं बाग खातं चालवतं. मेंबरशिप नाही, शिफारस नाही, वेळ बुक करायची, फी भरायची, खेळायचं. शहरातल्या रहिवाशांना फी कमी, म्हाताऱ्यांना आणि पोरांना आणखी कमी. मी रोज बघायचो, पोस्टातनं रिटायर झालेला फिलिपिनो, नर्सचा गणवेश गाडीत बदलून आलेली बाई, बांधकामावरचे मेक्सिकन मिस्त्री रविवारी चौघं मिळून, कोरियन आजोबा-आजी दोघंच. गुडघाभर धुक्यात सकाळी साडेसातला रांगेत उभे. इस्त्रीचे कपडे घातलेला मला एक दिसला नाही.

आणि हेच मॅकेन्झींच्या बाबतीत मला मोठं वाटतं. हा माणूस मूळचा डॉक्टर. इंग्लंडात जन्म, आईबाप स्कॉटिश, केंब्रिजला शिकला, बोअर युद्धात सर्जन म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथं बोअर लोक जमिनीच्या उंचसखलाचा आडोसा घेऊन कसे लपतात, खंदक लांबून दिसूच नये म्हणून काय करतात ते त्यानं बघितलं आणि पुढं पहिल्या महायुद्धात लष्कराला तीच लपण्याची विद्या शिकवली. गोल्फचं मैदान आखताना त्यानं तेच वापरलं, म्हणजे माणसानं बनवलेलं उंचवटं निसर्गानंच बनवलंय असं वाटलं पाहिजे. १९१४ ला त्यानं एका मासिकाच्या स्पर्धेत एका होलचं (म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतच्या एका पट्ट्याचं) डिझाईन पाठवून बक्षीस मिळवलं, त्यात एकाच होलला जायला वेगवेगळ्या वाटा होत्या, धाडसी माणसाला जवळची अवघड वाट, म्हाताऱ्याला लांबची सोपी. तसलीच दोन-वाटांची कल्पना त्यानं शार्प पार्कला तळ्याच्या कडेनं वापरली.

त्याची बाकीची मैदानं म्हणजे सायप्रस पॉइंट (१९२८) आणि बॉबी जोन्स बरोबर केलेलं ऑगस्टा नॅशनल. दोन्ही आजही जगातली सगळ्यात कुलूपबंद मैदानं, तुम्ही-मी सोडा, भल्याभल्यांना आत पाऊल टाकता येत नाही. त्याच हातानं, त्याच वर्षांत, समुद्राच्या त्याच काठावर एक मैदान पोस्टमनसाठी केलं. डॉक्टर असल्यामुळं त्याचं ठाम मत होतं की मोकळ्या हवेतला हा खेळ गावातल्या सगळ्यांना मिळाला तर औषधं कमी लागतील. १९३४ च्या जानेवारीत तो गेला, ऑगस्टाची पहिली मोठी स्पर्धा त्याच वर्षी मार्चमधे झाली, ती काही त्यानं बघितली नाही.

पाण्याचं नंतर सांगतो, त्यात बेडूक येतो.

---

माळरान

नमस्कार काका. मी नान्नजच्या बाजूला पक्षी बघत फिरतो, शार्प पार्कबद्दल वाचलं होतं ते वेगळ्याच कारणानं. तिथं दोन जीव आहेत, एक कॅलिफोर्नियाचा लाल पायांचा बेडूक आणि दुसरा सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप. सापाला १९६७ मधेच धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं, बेडूक १९९६ ला आला. साप फार देखणा असतो, निळसर हिरवा, लाल आणि काळे पट्टे, आणि त्याच्या खाण्यातला मोठा भाग म्हणजे हा बेडूक. म्हणजे बेडूक संपला की साप अडचणीत.

मैदानाच्या प्रेमात पडताना हेही बघायला पाहिजे की मैदान कोरडं ठेवायला पंप चालवतात. हिवाळ्यात बेडकी पाण्यातल्या काड्यांना चिकटवून अंड्यांचे पुंजके घालते, आणि पंपानं तळ्याची पातळी उतरली की ते पुंजके उघडे पडून वाळून जातात. गवत कापायच्या यंत्राखाली साप सापडू शकतो. पर्यावरणवाल्यांनी केस केली ती याच्यावर. त्यांचं म्हणणं होतं की मैदान बंद करा, बंधारा सोडून द्या आणि तळं-दलदल पूर्वीसारखी होऊ द्या. मला ते म्हणणं पटतं, खोटं कशाला बोलू.

---

बंधारा_काठ

@माळरान, तुम्ही आलात बरं झालं, कारण मला याच्यावरच जास्त लिहायचंय आणि एकट्यानं लिहिलं असतं तर एका बाजूनं झालं असतं.

आता माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो. ते तळं, त्याचं नाव लगुना सलाडा, सलाडा म्हणजे खारट. मॅकेन्झीच्या आधी तिथं मधे नुसता वाळूचा बांध होता, समुद्रानंच टाकलेला. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी साचलं की तो बांध फुटायचा, पाणी समुद्रात जायचं, मग लाटा परत वाळू टाकून तोंड बुजवायच्या. पाणी कधी गोडं कधी मचूळ. १९३० च्या आसपास तळ्यातला गाळ काढून, कडेला भर घालून फेअरवे (खेळायचे गवताचे पट्टे) उचलले, आणि काही होल अगदी वाळूला लागून, समुद्र आणि तळं यांच्या मधल्या पट्टीवर होते. ते सगळ्यात सुंदर होते असं जुने फोटो बघून मलासुद्धा कळतं. पण ते टिकले नाहीत. दहा वर्षांच्या आत वादळांनी ते खाल्ले. मग १९४१ च्या सुमाराला समुद्राच्या बाजूनं भराव टाकला, आणि गेलेल्या होलच्या बदली हायवेच्या पलीकडं डोंगराच्या घळीत चार नवीन होल काढले, मॅकेन्झीचा मदतनीस जॅक फ्लेमिंग यानंच. आजही खेळणारे मधेच हायवेखालच्या बोगद्यातनं पलीकडं जातात, चार होल खेळून परत येतात. १९८२-८३ च्या हिवाळ्यात एल निनोची मोठी वादळं आली, पाणी आत घुसलं, त्यानंतर भराव उंच आणि सलग केला. मी चालायचो तो हाच.

म्हणजे झालं काय, समुद्राची वाट बंद. त्यामुळं तळं हळूहळू गोड्या पाण्याचं झालं. आणि लाल पायाच्या बेडकाची अंडी खाऱ्या पाण्यात तग धरत नाहीत. आज तो बेडूक तिथं नांदतोय त्यात या मातीच्या भरावाचा मोठा हात आहे. उद्या भराव सोडून दिला आणि एका वादळात समुद्र आत आला तर तळं खारं होईल आणि बेडकाला पळायला मागं जागा नाही, मागं वस्ती आणि हायवे. पण तुमचं पंपाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. सांडवा नाही म्हणून पंपहाऊस आहे, एक लहान आणि एक मोठा पंप, ते पाणी उचलून समुद्रात टाकतात. मला पहिल्या दिवशी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर हे. पंप किती वेगानं आणि कधी चालवायचा यावर अंडी वाचतात की वाळतात ते ठरतं. एखाद्या लहान तलावाचं गेट चौकीदारानं कसं हाताळावं त्याच्यावर खालच्या शेताचं जसं अवलंबून असतं अगदी तसंच.

केस २०११ ला झाली. त्याच वर्षी शहराच्या सुपरवायझर मंडळानं (आपल्या महापालिकेच्या सभेसारखं) जागा राष्ट्रीय उद्यानवाल्यांकडं द्यायच्या दिशेनं ठराव सहा विरुद्ध पाच असा पास केला, तेव्हाचे महापौर एड ली यांनी डिसेंबरात तो व्हेटो केला. एका मतावर मैदान होतं बघा. २०१२ च्या डिसेंबरात कोर्टानं केस काढून टाकली, कारण तोवर केंद्राच्या वन्यजीव खात्यानं अटी घालून दिल्या होत्या, पाण्याची पातळी सांभाळायची, तज्ञानं बघितल्याशिवाय काही भागात गवत कापायचं नाही, गाड्या कुठं न्यायच्या नाहीत वगैरे. २०१७ मधे शहरानं सगळ्या नैसर्गिक जागांच्या आराखड्याला मंजुरी दिली, त्यात शार्प पार्कपण आहे: मैदान ठेवायचं, तळ्याच्या कडेचा खेळाचा भाग मागं घ्यायचा, काही फेअरवे उचलायचे, तळ्यातला गाळ आणि माजलेलं पाणकणीस काढून बेडकाला मोकळं पाणी द्यायचं, काठावर सापासाठी उंचवट्याची जागा करायची.

---

जुळे_सोलापूर

गाळ काढताना पक्ष्यांची काळजी घ्यायची की तळं आधी खोल करायचं, हा वाद आपल्याकडं कंबर तलावाला पण होतोच की. फक्त तिथं लोकांनी कागद वाचून वाद घातला असं दिसतंय.

---

बाळीवेस_कन्या

काका तुम्ही ते दानपत्राच्या अटीचं एका ओळीत लिहून पुढं गेलात पण मला तीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटली. बाग किंवा खेळाचं मैदान यासाठीच, ही एक ओळ १९१७ ला कुणीतरी लिहून ठेवली म्हणून शंभर वर्षं तिथं बिल्डर आला नाही. नाहीतर समुद्राला लागून ४०० एकर कोण सोडतं?

आपल्याकडं होम मैदानाचं बघा. कागदावर काय आहे ते मला माहीत नाही पण दर संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तिथं भरते, होमविधी तिथं होतो, शोभेचं दारूकाम तिथं होतं, लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून मी तिथलं बघितलंय आणि आता माझी लेक माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर बसून बघते. यात्रा झाली की परत मोकळं, सकाळी चालणारे, संध्याकाळी क्रिकेटवाली पोरं. ते मैदान मोकळं आहे ते लोक तिथं वर्षानुवर्षं जातात म्हणून. एकदा जाणं बंद झालं की जागेला मालक फुटतात. म्हणून सुशोभीकरण म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कुंपण पहिलं येतं आणि माणसं नंतर. तुमच्या शार्प पार्कच्या डागडुजीत फी वाढवून साध्या लोकांना बाहेर काढायचं चाललंय का, तेवढं सांगा.

---

दूरदेशी_सोलापूरकर

मी स्कॉटलंडला डंडीत असतो, मूळचा अशोक चौकातला. धागा वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं.

@बाळीवेस_कन्या तुम्ही जे म्हणताय त्याची जगातली सगळ्यात जुनी गोष्ट माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, सेंट अँड्र्यूज. गोल्फचं माहेर म्हणतात ते. लोकांना वाटतं तो एखादा मोठा क्लब आहे, पण मैदान क्लबचं नाहीच, गावाचं आहे. १५५२ चा एक दस्त आहे, त्यात आर्चबिशप हॅमिल्टन यांनी तिथं ससे पाळायचा हक्क घेतला पण त्याच कागदात गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल खेळायचा, गुरं चारायचा हक्क मान्य केला. पुढं १७९७ ला गावाचा खजिना रिकामा झाला आणि ती जमीन गेली आणि सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हातात पडली, सशांनी सगळं मैदान पोखरलं. गावकरी आणि ससेवाले यांच्यात वीस-एक वर्षं भांडण चाललं, कोर्टातही आणि मैदानावरही. १८२१ ला शेजारच्या जमीनदारानं, जेम्स चीप यांनी ती जमीन विकत घेऊन गोल्फसाठी वाचवली, आणि १८९४ ला पार्लमेंटच्या कायद्यानं ती परत गावाकडं आली. १९७४ पासून ट्रस्ट चालवतं.

ओल्ड कोर्स, म्हणजे तिथलं सगळ्यात जुनं मैदान, दर रविवारी बंद असतो, खेळाला. माणसांना नव्हे. रविवारी गावातले लोक कुत्री घेऊन, पोरांच्या बाबागाड्या घेऊन फेअरवेवरनं फिरतात, जगातले सगळे खेळाडू जिथं पाय ठेवायला तडफडतात तिथं आज्ज्या बसून चहा पितात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपलं होम मैदानच आठवलं, खरं सांगतो.

अजून एक, तिथं हिमालय नावाची पटिंगची (बॉल हळू ढकलून खड्ड्यात घालायची) हिरवळ आहे, उंचसखल म्हणून हिमालय. १८६७ मधे बायकांचा पटिंग क्लब निघाला त्याचं. थोडेसे पैसे दिले की कुणीही काठी आणि बॉल घेऊन खेळा. माझे आईवडील आले होते तेव्हा आई तिथं दीड तास खेळली, नऊवारीत. तिच्या आयुष्यातला पहिला मैदानी खेळ तो.

डागडुजीचं म्हणाल तर ओल्ड टॉम मॉरिस यांचं नाव घ्यावं लागेल, १८६५ ते १९०३ ते मैदानाचे राखणदार होते. फेअरवे रुंद केले, नवीन ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) केल्या आणि ग्रीनवर वाळू टाकायची पद्धत रुजवली, वाळूनं मुळं खोल जातात आणि पाणी साचत नाही. आजही जगभर तेच करतात. समुद्राकाठची वाळूची जमीन, बारीक पात्याचं फेस्क्यू गवत, खत कमी, पाणी कमी, उन्हाळ्यात मैदान पिवळं पडलं तरी कुणी बोंब मारत नाही, उलट पिवळ्या कडक जमिनीवर बॉल पळतो म्हणून खूष असतात. @होटगीरोडवाला, पाण्याचं एक उत्तर हेही आहे.

---

होटगीरोडवाला

नऊवारीत गोल्फ!! काकूंना माझा नमस्कार सांगा भाऊ.

फीचा मुद्दा मात्र बरोबर हाय. मी कामानिमित्त सॅन डिएगोला सहा महिने होतो, तिथं टॉरी पाइन्स म्हणून शहराचंच मैदान हाय समुद्राच्या कड्यावर, दोन कोर्स. दुसऱ्या महायुद्धात तिथं कॅम्प कॅलन म्हणून लष्करी छावणी होती, नंतर १९५७ ला मैदान झालं. २००१ ला रीस जोन्सनं दक्षिणेचा कोर्स नव्यानं बांधला, का तर यूएस ओपन (गोल्फची मोठी स्पर्धा) आणायची होती, आणि आली पण, २००८ ला, तीच ती टायगर वूड्स मोडक्या पायावर ९१ होल खेळून जिंकला ती. २०२१ ला परत. पण बाहेरच्या माणसाला तिथली फी ऐकून माझं तोंड उघडंच राहिलं. गावच्या रहिवाशांना स्वस्त हाय आणि त्यांच्यासाठी वेळा राखून ठेवल्यात, हे मातर चांगलं. माझ्या हापिसातला सिक्युरिटीवाला तिथं खेळायचा, पहाटे गाडीत झोपून नंबर लावायचा.

काका, शार्प पार्कचं पण नूतनीकरण करून असंच होणार का?

---

बंधारा_काठ

@बाळीवेस_कन्या आणि @होटगीरोडवाला, याचीच भीती तिथल्या लोकांनाही आहे. मैदानासाठी लढले ते सॅन फ्रान्सिस्को पब्लिक गोल्फ अलायन्स नावाच्या संघटनेचे लोक, साधे खेळणारे, आणि त्यांचं पहिलं म्हणणंच हे की मॅकेन्झीचं डिझाईन परत आणा पण फी साध्या माणसाची राहू द्या. मला हे फार पटलं. डागडुजी दोन प्रकारची असते. एक म्हणजे जागेचं मूळ काम ओळखून ते परत नीट चालू करायचं. आणि दुसरी, नवीन गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून जागेला रंगरंगोटी करायची. मी नोकरीत दोन्ही बघितल्या. एका गावतळ्याला घाटाच्या पायऱ्या, दिवे, कारंजं सगळं केलं आणि येणाऱ्या ओढ्याचं तोंड बुजलं ते तसंच ठेवलं, दोन वर्षांत तळं कोरडं. त्या कामाच्या मोजमाप पुस्तकावर माझीही सही आहे आणि ती मला आजही टोचते. म्हणून मी तिथं दिसणाऱ्या कामांपेक्षा न दिसणारी कामं आधी बघत होतो: पंपहाऊसची दुरुस्ती, तोंडाशी साचलेला गाळ, पाण्याच्या पातळीची मोजपट्टी. २०१५ ला कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगानं पंपहाऊसच्या कामाला परवानगी दिली ती सगळ्यात महत्त्वाची असं माझं मत, तिचा फोटो कुणी काढत नाही.

पाण्याचं. पूर्वी हे मैदान पिण्याच्या पाण्यावर भिजायचं, तेही हेच हेचीचं, म्हणजे सिएरा डोंगरातल्या धरणातनं शहराला येणारं अतिशय चांगलं पाणी. आता पॅसिफिकाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी पाइपनं मैदानाला देतात. @होटगीरोडवाला, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर. आपल्याकडच्या बागांना, मैदानांना, दुभाजकांतल्या झाडांना पिण्याचा टँकर लागतो तेव्हा मला हे आठवतं.

अजून एक गोष्ट लिहायची राहिली आणि ती लिहिल्याशिवाय या जागेचा इतिहास पुरा होत नाही. हायवेच्या पलीकडं, त्याच दान मिळालेल्या जमिनीवर, १९४२ च्या मार्च अखेरीस एक कोंडवाडा सुरू झाला. माणसांचा. जपानी, जर्मन, इटालियन वंशाच्या लोकांना तिथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, बऱ्याच जपानी लोकांना तिथनं पुढं दूरच्या छावण्यांत पाठवलं. बाग आणि खेळाचं मैदान यासाठीच अशी अट असलेल्या जमिनीवर हे झालं. आता त्या जागी तिरंदाजीचं मैदान आहे. बंधाऱ्यावर रोज एक जपानी वंशाचे गृहस्थ भेटायचे, ऐंशीच्या पुढचे, त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं, त्यांचे वडील तिथं होते. मी विचारलं मग तुम्ही इथं चालायला कसे येता. म्हणाले, वडील सुटल्यावर म्हणायचे की कुंपणातनं समुद्राचा आवाज यायचा पण समुद्र दिसायचा नाही, म्हणून मी रोज येऊन बघतो. त्या दिवशी आम्ही दोघं पुढं काही बोललो नाही, पिअरपर्यंत (समुद्रात गेलेल्या धक्क्यापर्यंत) नुसतं चालत गेलो.

---

शेंगाचटणी

हे वाचून अंगावर काटा आला काका.

---

माळरान

काका, तुमचं गोड्या पाण्याचं म्हणणं परत एकदा वाचलं. मी मागं हटत नाही पण थोडं बदलून सांगतो. माझी अडचण बंधाऱ्याच्या आयुष्याची आहे. पॅसिफिकाचा किनारा झिजतोय, त्याच गावात एस्प्लनेड रस्त्यावरच्या इमारती कड्याच्या टोकाला येऊन पाडाव्या लागल्या, फोटो सगळ्यांनी बघितले असतील. समुद्र वर येतोय. मातीचा भराव किती दिवस? म्हणून बेडकासाठी गोड्या पाण्याची जागा समुद्रापासून लांब, आतल्या बाजूला आत्तापासूनच तयार करावी असं मला वाटतं. म्हणजे भराव राहिला तर चांगलंच, गेला तर बेडूक जाऊ नये.

आणि नान्नजचं सांगतो, कारण मला या भांडणातली दुसरी बाजूपण माहीत आहे. माळढोकसाठी १९७९ ला अभयारण्य जाहीर झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके आले. शेतकऱ्याला स्वतःच्या रानाचा व्यवहार करायला अडचण, मग त्याला माळढोक म्हणजे शत्रू वाटायला लागला. पुढं क्षेत्र खूप कमी केलं, पण तोवर मधली वर्षं गेली, आणि आज माळढोक दिसणं ही नशिबाची गोष्ट झालीय. माझे वडील सांगतात त्यांच्या लहानपणी हुरड्याच्या दिवसांत रानात तो उभा दिसायचा, कमरेएवढा उंच. पक्षी आणि माणूस यांना समोरासमोर उभं केलं की दोघं हरतात हे मी घरात बघितलंय. म्हणून शार्प पार्कला गोल्फवाले बेडकाची अंडी मोजायला जात असतील तर ते मला मैदान बंद करण्यापेक्षा जास्त टिकाऊ वाटायला लागलंय. एवढं मान्य करतो.

---

बंधारा_काठ

@माळरान, आतल्या बाजूच्या जागेचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. आराखड्यात पाणथळ जागा एकमेकींना जोडायचा विचार आहे, साप आणि बेडूक दोघांना वर सरकायला वाट मिळावी म्हणून. अभियंता म्हणून सांगतो, एकाच भरावावर सगळा भार ठेवायचा नसतो.

---

जुळे_सोलापूर

माझी बहीण पुढच्या महिन्यात फ्रीमाँटला चाललीय, आईबाबा पण बरोबर आहेत, दोघांना गोल्फमधलं काही कळत नाही. तिथं जाऊन करायचं काय, पास वगैरे लागतो का?

---

बंधारा_काठ

बंधाऱ्यावर चालायला काहीच लागत नाही, मोकळं आहे. पॅसिफिकाच्या पिअरजवळ गाडी लावायची, पिअरवर खेकडे धरणारे लोक असतात ते आईंना बघायला आवडेल. तिथनं दक्षिणेला वळलं की बंधारा सुरू होतो, डावीकडं मैदान, उजवीकडं समुद्र. स्वेटर आणि कानटोपी न्या, उन्हाळ्यातसुद्धा धुकं आणि गार वारा असतो, आपल्याकडच्या माणसाला फार बोचतं. गुडघे दुखत असतील तर मधे बसायला लाकडाचे ओंडके आहेत. क्लबहाऊस १९३२ चंच आहे, कौलारू, आत कुणीही जाऊन नाष्टा करू शकतं, मैदानावर न खेळता. खिडकीजवळ बसा.

तळ्याच्या कडेनं तारेच्या आत मात्र जाऊ नका, पाटी दिसेल. मी तीन महिन्यांत बेडूक एकदाही बघितला नाही, ऐकलापण नाही, तो फार हळू ओरडतो आणि बऱ्याचदा पाण्याखालनं. फेब्रुवारीत एकदा सकाळी एक मुलगी गमबूट घालून तळ्याच्या कडेला वाकून वहीत काहीतरी लिहीत होती, मी वरनं हाक मारून विचारलं काय सापडलं, तिनं तीन बोटं वर केली. तीन पुंजके. मी परत येताना बघितलं तर पंप बंद होता.

@शेंगाचटणी, फोटो मुलाच्या फोनमधे आहेत, तो रविवारी मोकळा असतो, तेव्हा मागवून इथं टाकतो.